कॅम्पातल्या वळणावरचं मोहोळ

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आमच्या कंपनीची पोस्टिंग बेळगाव कॅम्पात झाली. मी तेव्हा लान्सनायक होतो. माझं गाव उचगाव, म्हणजे नोकरी घराच्या हाकेवर. आजोबा सांगायचे, कॅम्प आधी उघडा माळ होता. गोऱ्या साहेबांनी रस्ते आखले, जांभ्या दगडाचे बंगले उठवले, दुतर्फा झाडं लावली. त्या रोपांना कावडीनं पाणी घातलं आमच्या गावच्या माणसांनी. पुढं सावली इतकी दाट झाली की भर उन्हात मडमा टोपीशिवाय फिरत. आमच्या माणसानं मात्र त्या सावलीत टेकलं तर शिपाई हाकलायचा. याचा मला राग होता, अजून आहे.

स्टेशनकडे उतरणाऱ्या वळणावर जुना आंबा होता. त्याला आग्यामोहोळ लागलं. लॉरीच्या आवाजानं माश्या उठल्या आणि दोन ड्रायव्हर दवाखान्यात गेले. आमचे सुभेदार सातारचे. त्यांनी हुकूम दिला, "पलिता लावून जाळून टाका. उद्या लॉऱ्यांचा कॉलम फ्रंटवर निघायचाय."

काम आलं नाईक नेमगोंडाकडे. तो बोरगावचा, जैन शेतकऱ्याचा मुलगा. त्याच्या घरी मधसुद्धा शिवत नसत. तो सावधानमध्ये उभा राहून म्हणाला, "साहेब, ह्ये माझ्याच्यानं न्हाय व्हायचं."

"मग लढाईत काय करणार रं?"

"समोरचा बंदूक घिऊन आला तर बघीन. ह्या माश्यांनी काय केलंय? आवाजानं उठत्यात. उतार हाय. इंजिन बंद करून गाड्या ढकलत न्हिऊ."

सुभेदारांनी एकदा उताराकडे पाहिलं. "माझ्या ड्रायव्हरला एक जरी माशी चावली, तर तुझी बाहीवरची फीत काढीन. वर कोर्ट मार्शल."

"व्हय, साहेब."

दुसऱ्या दिवशी नेमगोंडा वळणावर हात वर करून उभा राहिला. इंजिन बंद, आमचे खांदे गाडीला, आणि गाडी झाडाखालून गुपचूप पुढं. एवढी फौज चोरपावलांनी निघालेली बघून मला हसू आवरेना. शेवटच्या लॉरीचा ड्रायव्हर दुसऱ्या युनिटमधून ऐनवेळी आलेला. इंजिन का बंद ठेवायचं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. गाडी दगडाला अडली, तसं त्यानं इंजिन चालू केलं.

मोहोळ उठलं. "पळा!" नेमगोंडा ओरडला. आम्ही पळालो. त्यानं लॉरीतली ताडपत्री ओढून ड्रायव्हरला पुरतं झाकलं आणि स्वतः वर आडवा पडून राहिला.

माश्या बसल्यावर सुभेदार आले. ड्रायव्हर धडधाकट होता. नेमगोंडाचे डोळे सुजून मिटले होते.

"कुणाला चावल्या?"

"मलाच, साहेब. ड्रायव्हरला न्हाय."

फीत राहिली. डॉक्टर त्याला ठेवून घेत होते, पण हा पठ्ठ्या ऐकतोय कुठला! तसाच सुजल्या तोंडानं आमच्याबरोबर निघाला.

ब्रह्मदेशात एका नाल्याकाठी तो पडला. जखमी सोबत्याला ओढून आणत होता, तेव्हाही स्वतः गोळ्यांच्या बाजूला होता. मी खूप रडलो.

सत्तेचाळीस साली साहेब लोक सामान बांधून गेले. बंगल्यांच्या पाट्या बदलल्या. त्या सावलीत आता कुणीही बसतं. आंब्याला मोहोळ अजून लागतं. नेमगोंडाचं नाव तिथं कुठंच नाही. माझ्या सायकलला कसला आवाज, तरी त्या वळणावर मी खाली उतरतो आणि झाडाखालून ती ढकलत नेतो.