काजळाची ताटली

कमलाकर मास्तरांना डोकं भरपूर होतं, पण ते घरातही वापरायचं असतं हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. सोलापुरात ते रसायन शिकवत. एकदा भवानी पेठेतले पिठाच्या गिरणीचे मालक बसलिंगप्पा दोन बाटल्या घेऊन आले.

"मास्तर, ह्ये तेल ब्रह्मदेशाचं, ह्ये बोर्निओचं. दोन्ही डिझेलच की! मग ह्ये बोर्निओचंच इंजिनातनं लई धूर का वकतंय?"

मास्तरांना तेवढंच हवं होतं. रविवारी त्यांनी ओसरीवर दोन्ही तेलांच्या पणत्या लावल्या आणि फडताळातल्या दोन पितळी ताटल्या ज्योतीवर धरल्या. ब्रह्मदेशाच्या तेलाने ताटली जेमतेम करडी झाली, बोर्निओच्या तेलाने काळीकुट्ट. मास्तर खूश! पहिल्यात कार्बनचे अणू हात धरून रांगेत उभे, दुसऱ्यात पुष्कळसे फेर धरून. फेरात कार्बनचा भरणा जास्त, म्हणून काजळीही जास्त.

तेवढ्यात लीलाबाई बाहेर आल्या. त्यांना सातवा महिना होता. आधीची दोन बाळं जन्मताच गेली, आणि दोन्ही वेळा पाळण्यापासून दुपट्यांपर्यंत सगळं आधीच तयार होतं. म्हणून या खेपेला त्यांनी बाळासाठी काही म्हणजे काही केलं नव्हतं. काजळ धरायची माहेरची ताटलीसुद्धा पालथी घालून ठेवली होती. नेमकी तीच काळी होऊन नवऱ्याच्या हातात होती.

"बाळाआधी काजळ धरलंत?" त्या मटकन खाली बसल्या.

"अगं, हे काजळ नव्हे. यात कार्बनचे फेर..." मास्तर थांबले. तिचा हात पोटावर होता. अपशकुनावर त्यांचा विश्वास नव्हता. पण गेलेली बाळं त्यांचीही होती.

"चुकलं माझं," ते म्हणाले. राखेने घासघासून त्यांनी ताटली लख्ख केली. "शाळेच्या कपाटात कुलपात ठेवतो. बाळ रडल्याशिवाय काढणार नाही."

बसलिंगप्पांना त्यांनी थोडक्यात सांगितलं, "बोर्निओचं धूर करणारच. ब्रह्मदेशाचं घ्या, पण त्यात मेण असतं, थंडीत थिजेल. डबा उन्हात ठेवत जा." एरवी तासभर बोलले असते.

पौषात मुलगी झाली. अशी रडली की आख्ख्या गल्लीला कळलं. पाचवीला लीलाबाई म्हणाल्या, "ताटली आणा."

मास्तर अनवाणीच शाळेकडे धावले. परतताना गिरणीच्या दारातून बसलिंगप्पा ओरडले, "काय झालं, मास्तर?" मास्तरांनी नुसती ताटली उंच करून दाखवली.

एरंडेलाचा दिवा लावून त्यांनी स्वतः काजळ धरलं. ताटली सारखी ज्योतीवरून सरकत होती, काजळ एका कडेलाच धरलं.

"बोर्निओच्या वेळी बरा हात स्थिर होता!" लीलाबाई कित्येक महिन्यांनी हसल्या.

"धूर गेला डोळ्यांत," मास्तर म्हणाले. एरंडेलाचा एवढा धूर होत नाही, हे रसायनाच्या मास्तरांना कोण सांगणार!