दूधवाल्याची सायकल

हल्ली गुढीपाडव्याला बाया नऊवारी नेसतात, फेटा बांधतात, गॉगल चढवतात आणि मोटारसायकलवर बसून मिरवतात. लोक फोटो काढायला धावतात. मला बघायला आवडतं, उगाच नाही म्हणणार नाही. पण मनात येतंच, बायांनो, हे मी भांडुपला कधीच करून बसलेय. तेव्हा फोटो कुणी काढला नाही, खिदळले मात्र सगळे.

मी जाडी. अंगाने भरलेली, सुदृढ वगैरे नाही, सरळ जाडी. लग्नातच नवऱ्याच्या मावश्या म्हणाल्या होत्या, "पोरगी खात्यापित्या घरची दिसते हो!" पुढे बाळंतपण झालं, डिंकाचे लाडू आले, सासूबाईंचा आग्रह आला, मग तर विचारूच नका. सायकल मला लहानपणी कुणी शिकवली नव्हती. घरात एक होती, ती भावाला. तिशीला टेकल्यावर मला सायकलची गरज पडली आणि तीही हौस म्हणून नाही. मला माझ्या मुलीला दूध पाजायचं होतं.

तेव्हा मी आग्रा रोडवर, मुलुंडच्या अंगाला, औषधांच्या एका कारखान्यात गोळ्यांच्या पॅकिंगला होते. संपात नवऱ्याची गिरणी गेली ती गेलीच. तो ठाण्याला वॉचमनची दिवसपाळी करायचा, त्यात घर अर्धंमुर्धं चालायचं. माझी नोकरी सुटली असती तर टेकडीच्या पायथ्याची आमची चाळीतली खोली सोडून सगळ्यांना गावी कोकणात परतावं लागलं असतं. अशात माझी बाळंतपणाची रजा संपली, मी कामावर रुजू झाले आणि घरी आमच्या कार्टीने तिचा वेगळाच संप पुकारला. बाटली तोंडात घेईना. वाटी-चमचा केला, तर चमचा लागला की तोंड घट्ट मिटायची. बोंडल्याने घातलेलं दूध सासूबाईंच्या अंगावर फुर्रकन उडवायची. सकाळी मी पाजून निघाले की संध्याकाळी येईपर्यंत उपाशी. रडून रडून तिचा आवाज बसायचा. डॉक्टरांनी तिला तराजूत घातलं, मान हलवली आणि म्हणाले, "आईचंच हवंय तिला. असं फार दिवस चालायचं नाही."

आणि माझी काय अवस्था! दुपार झाली की छाती दगडासारखी व्हायची, ब्लाउज ओला, वरून पांढरा कोट. हातात गोळ्यांची पाकिटं आणि डोळ्यांत पाणी. संतापच यायचा. एवढं दूध वाहून जातंय आणि पोर तिकडे उपाशी!

मधली सुट्टी पाऊण तासाची. चालत घरी जाऊन परत यायचं तर सगळी सुट्टी रस्त्यातच संपायची. बसचा भरवसा नाही. रोज रिक्षा करायला मी काय मालकीण होते? कारखान्यात पाळणाघर होतं, म्हणजे दारावर तशी पाटी होती, आत रिकामी खोकी. सासूबाई एकदा तिला घेऊन चालत गेटपर्यंत आल्या. दुखऱ्या गुडघ्यांनी, भर उन्हात. पोरीला रात्री ताप आला आणि सासूबाई दोन दिवस उठल्या नाहीत. मग मी ठरवलं, महिनाअखेरीला राजीनामा.

नवरा म्हणाला, "सायकल येत असती तर चुटकीसरशी जाऊन आली असतीस." म्हणाला आणि माझ्याकडे बघून गप्प झाला. तेवढं गप्प होणं मला पुरलं.

"का रे? का नाही येणार मला?"

"तसं नाही गं."

"तसंच आहे. उद्या रविवार आहे. चल, आण भाड्याने."

स्टेशनच्या वाटेवर तासावर सायकली देणारं दुकान होतं. दुकानदाराने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि काही न विचारता लेडीज सायकल पुढे ओढली. निळी, नाजूक, पुढे जाळीची टोपली. आम्हालाही वाटलं, बाईमाणूस म्हणजे लेडीज सायकल. मध्ये दांडी नाही, साडीत बसता येतं, आणखी काय पाहिजे? शाळेच्या मैदानावर नेली. नवऱ्याने कॅरियर धरलं, मी बसले. पहिल्या फेरीला मागून टणकन आवाज आला. मी म्हटलं, काहीतरी पडलं वाटतं. पुन्हा टण्. मग टणटणटण. मागचे स्पोक एकामागून एक तुटले, चाक असं आऊट झालं की फिरेना, आणि मी सायकलीसकट मातीत. क्रिकेट खेळणारी पोरं पोटं धरून हसली.

सायकल परत नेली तेव्हा दुकानदार म्हणाला, "वहिनी, सायकल माणसांसाठी असते हो. तुम्हाला टेम्पो लागेल."

"टेम्पो तुझ्या बापाला आण!" मी म्हणाले. नवऱ्याने दंड धरून मला ओढत घरी आणलं. रस्ताभर मी त्या दुकानदाराचा उद्धार केला, आणि घरात शिरल्यावर मोरीत बसून ढसाढसा रडले. वाटलं, झालं, आपल्याच अंगाने आपली वाट लावली. पोरीला पाजायचं म्हणून खाऊन खाऊन जाडी झाले आणि जाडी म्हणूनच पाजता येत नाही. देवा, ही कसली रे थट्टा!

दुसऱ्या दिवशी पहाटे घंटी वाजली. आमच्या दूधवाल्याची घंटी काही औरच होती. मोठी, पितळी, देवळात शोभेल अशी. ती वाजली की चाळीतली दारं फटाफट उघडायची आणि बाया पातेली घेऊन बाहेर. मीही पातेलं घेऊन उभी राहिले. सासूबाई नेहमीप्रमाणे शेजारी. दुधाचा थेंब अंगठ्याच्या नखावर घ्यायचा, तो ओघळला की दूधवाल्याला पाणीचोर म्हणायचं, हा त्यांचा रोजचा काकड आरतीसारखा नेम. ते भांडण चालू होतं आणि मी त्याच्या सायकलीकडे बघत होते.

दोन्ही बाजूंना लटकलेल्या भरलेल्या किटल्या. कॅरियरवर आणखी एक. वर तो स्वतः बसायचा, चांगला आडवातिडवा गडी. आणि ती सायकल हूं की चूं करत नव्हती! काळी, अवजड, मध्ये एकाऐवजी दोन दांड्या, पुढचा चिमटा डबल, स्पोक जाडजूड, टायर रुंद, सीटखाली गादीच्या स्प्रिंगांसारख्या स्प्रिंगा.

"भैया," मी म्हटलं, "ये किटली सब मिलाके मेरे से ज्यादा वजन है की नहीं?"

तो बिचारा गडबडला. हो म्हणावं की नाही कळेना. "भाभी, आप तो... हल्की हैं," म्हणाला.

जन्मात मला कुणी हलकी म्हटलं नव्हतं. मी तिथेच हसत सुटले. म्हणजे दोष माझ्या अंगात नव्हताच! त्या दुकानदाराने फुलं वाहायच्या टोपलीत नारळाचं पोतं घातलं, टोपली फाटली, आणि शिव्या खाल्ल्या पोत्याने. जाड माणसाला जाड स्पोकांची सायकल लागते, एवढीच गोष्ट, आणि ती आम्हा तिघांपैकी एकालाही सुचली नव्हती.

सकाळची फेरी संपली की ही सायकल संध्याकाळपर्यंत तबेल्यात उभी असायची. मी मागितली. तो नाही म्हणाला. भाभी पडेल, सायकल मोडेल, त्याचा धंदा बुडेल. त्याचंही खरंच होतं. तेव्हा सासूबाई पुढे झाल्या. त्यांचं हिंदी म्हणजे मालवणीलाच टोपी घातलेली.

"सुन रे भैया. आज से तेरे दूध को मैं नाव नहीं ठेवेगी. पाणी डाल, काय पण डाल, मैं कुछ नहीं बोलेगी."

"अम्मा, पानी हम नहीं डालते!"

"तो क्या म्हस डालती है?"

तो हसला. मग आत वाकून पाहिलं. पोरगी झोळीत रडत होती, आवाज बसलेला. काय वाटलं त्याला कोण जाणे, म्हणाला, "शाम को फेरी के पहले वापस चाहिए, भाभी." मी म्हटलं, देवाशपथ.

सायकल मिळाली, पण तिच्यावर चढायचं कसं? मध्ये दोन दांड्या. पाचवारीत टांग टाकायला गेले तर निऱ्यांनी पाय बांधून ठेवलेले. पंजाबी ड्रेस तेव्हा आमच्या चाळीत लग्न झालेल्या बाया घालत नव्हत्या, आणि माझ्या मापाचा मिळणार कुठे? मी पुन्हा रडकुंडीला आले.

"रडतंस कित्याक गो?" सासूबाई म्हणाल्या आणि ट्रंकेतून आपलं जुनं हिरवं लुगडं काढलं. "ह्या नेस. आमी लुगड्यात शेतां लावलां, माडार चढाचां तेवढां रवलां. सायकलीचां काय घेवन बसलंस!"

त्यांनी स्वतः मला कासोटा घालून दिला, असा घट्ट ओढून की माझा श्वास अडकला. दोन पावलं चालून बघितलं, उकिडवी बसले, टांग वर नेली. कसलीच अडचण नाही. त्यात जन्म काढलेल्या बायकांना ते ठाऊक होतं, मीच पाचवारी नेसून शहाणी झाले होते.

नवऱ्याने आठवडाभर आपली पाळी दुपारची करून घेतली. दूधवाल्याची फेरी संपली की माझ्या कामाच्या वेळेपर्यंत आम्ही मैदानावर. त्याने सीट पार खाली बसवली, माझे दोन्ही पाय जमिनीला टेकतील इतकी. पॅडलला हात लावू दिला नाही, म्हणजे पाय लावू दिला नाही. "नुसती बस आणि पायांनी रेटत जा," म्हणाला. बदकासारखी मी ती काळी सायकल रेटत मैदानभर फिरले. पोरं ओरडायची, "ए आजीबाई, गिअर टाक!" मी ओरडायची, "थांब मेल्या, येते तुझ्या अंगावर!" मग हळूहळू पाय जास्त वेळ वर राहू लागले. एकदा मागे वळून नवऱ्याला म्हटलं, "सोडू नको हां," तर तो लांब विकेटपाशी उभा राहून हात हलवत होता. कधीचा सोडला होता, हरामखोराने. मी घाबरून पडले, आणि पडल्या पडल्या हसले. सायकलीला काही म्हणजे काही झालं नाही. एक स्पोक वाजला नाही.

ज्या दिवशी पहिल्यांदा कामावर घेऊन गेले, त्या दिवशी सकाळपासून माझं लक्ष गोळ्यांत नव्हतं. भोंगा झाला तशी पळाले. कासोटा चाचपला, टांग टाकली आणि निघाले. आग्रा रोडला ट्रक अंगावर आल्यासारखे जायचे, मी कडेकडेने. तोंडाने देवाचं नाव आणि मध्ये मध्ये ट्रकवाल्यांना शिव्या. चाळीकडे चढ लागला तिथे उतरून ढकलली, छाती फुटेल असं वाटत होतं. पण चालणाऱ्यांच्या मानाने मी किती पुढे होते! वर पोचल्यावर पुन्हा बसले. आमच्या गल्लीत पोरं गोट्या खेळत बसलेली, आणि माझ्या वजनाला ते ब्रेक पटकन लागेनात. मी घाबरून ती पितळी घंटी जीव खाऊन वाजवली.

फटाफट दारं उघडली. भर दुपारी अख्खी चाळ पातेली घेऊन दारात. कुणाचे केस ओले, कुणाच्या हाताला पीठ. "अगं बाई, भैया आज दुपारी कसा?" "दूध आलं का गं?" आणि गल्लीतून घामाने निथळत, हिरव्या लुगड्यात, मी.

सासूबाई पोरीला खांद्यावर टाकून आमच्या दारात उभ्या होत्या. साऱ्या पातेल्यांकडे त्यांनी एकदा बघून घेतलं आणि मोठ्याने म्हणाल्या, "होय गो, दूधच इलां! पण तां फक्त आमच्या चेडवासाठी. तुमी आपली पातेली घेवन आत जावा."

सगळी चाळ हसली. मी उंबऱ्यातच बसकण मारली आणि पोरीला पदराखाली घेतलं. आधी ती रुसली, तोंड फिरवलं. मग एकदम अशी लागली की मला कळ आली, आणि ती गटागटा पिताना मला तिचा घोटन् घोट ऐकू येत होता. सासूबाई मागे उभं राहून माझ्या पाठीवरचा घाम आपल्या पदराने टिपत होत्या.

पोरगी चालायला लागेपर्यंत ती सायकल रोज दुपारी आमच्या दारात लागली. तेवढे सगळे दिवस घरातले आम्ही बाकीचे पाणचट चहा प्यायलो, आणि सासूबाईंनी एकदाही दुधाचा थेंब नखावर घेतला नाही.