गोल बिल्ल्यावरचा आकडा

आपलेच दात, आपलेच ओठ, म्हणून इतकी वर्षं गप्प होते. पण माझ्या दादाचा आता मला वीट आलाय. सख्खा थोरला भाऊ. लाँड्री आम्हा दोघांची. तो धुतो, मी इस्त्री करते. आणि बोलतो मात्र एकाच आकड्याबद्दल. १४२८५७.

कुणी कपडे टाकायला आलं की धरलाच त्याला. याची दुप्पट करा, २८५७१४. तिप्पट करा, ४२८५७१. तेच आकडे, त्याच क्रमाने, नुसती सुरुवात सरकते. सहापटीपर्यंत असंच, आणि सातपट केली की सगळे नऊ! गिऱ्हाईक बिचारं मळकी चादर कवटाळून हो हो करतं. शेजारचा न्हावी तर त्याला बघून रस्ता ओलांडतो.

एवढ्यावर थांबला असता तर म्हटलं असतं, हौसेला मोल नाही. पण आमची सहा जुनी गिऱ्हाइकं, सगळ्यांचे पांढरे सदरे, आणि कॉलरवर शाईची खूण कुणालाच नको. मग याने पत्र्याचे गोल बिल्ले केले, मधे भोक, दोऱ्याने काजाला बांधायचे. प्रत्येकाला त्या आकड्याची एकेक पट दिली, मान म्हणून! आकडे ठोकले कडेकडेने, गोलात. मी विचारलं, वाचायचं कुठून? तर म्हणे, सुरुवातीला लाल ठिपका आहे ना. ठिपका माझ्याच नेलपॉलिशचा.

सोड्याच्या उकळत्या पाण्यात पहिल्याच धुण्याला ठिपके गेले. सहाही बिल्ले एकसारखे. मी कपाळाला हात लावला, आणि हा ते फिरवून फिरवून बघतोय, डोळ्यांत पाणी, म्हणे किती सुंदर. मला अक्षरशः शिसारी आली. मग मला न विचारता त्याने अंदाजानेच सदरे वाटून टाकले.

त्यातला एक मागच्या गल्लीतल्या शिवणाच्या बाईंच्या नवऱ्याचा. नवरा केव्हाच गेला. त्याचा तेवढा एक सदरा बाई जपून होत्या, अधूनमधून धुवायला आणायच्या. घरी घडी उलगडली आणि त्यांना कळलं, हा आपला नव्हे. आपला गेला होता खाटकाकडे, तोही त्या सहांतलाच. त्याने स्वतःचा समजून दुकानात घातला, डाग निघेनात म्हणून फाडून ओटा पुसायला घेतला. मी धावत जाऊन उरलेली बाही आणली. वास मारत होती. दोन बोटांत धरून आणली.

बाई आमच्या लाँड्रीतल्या बाकावर बसल्या होत्या. दादाने निदान 'चुकलं' म्हणावं की नाही? तो समजावायला लागला, तुमच्या यजमानांना सगळ्यांत मोठी पट दिली होती, ८५७१४२, गुणाकारात काही चूक नाही. अक्कल गहाण टाकलीय मेल्याने.

मी म्हटलं, थांबा बाई, निदान धुवून देते. त्यांनी मान हलवली आणि ती घाणेरडी बाही मांडीवर घेऊन नीट घडी घातली. दादाचं चालूच होतं, की खरं पाहता सहाही आकडे एकच आहेत.

"तुमचे सहा असतील," बाई म्हणाल्या. "माझा एकच होता."