भाकरीच्या मापाने घेतलेली मतं

परवा फोनवर तू म्हणालीस, की तुमच्या सामाजिक मानसशास्त्राच्या पुस्तकात अभिवृत्तीवर, म्हणजे माणसाच्या मनाच्या कलावर, एक मोठं प्रकरण आहे, आणि विचारलंस, “आजी, माणसाचं मत खरंच मोजता येतं का गं?” मी काहीतरी पुस्तकी उत्तर देऊन वेळ मारून नेली. खरं उत्तर लिहून पाठवते आहे. तुझ्या भावालाही वाचून दाखव. त्याचं मराठी वाचन आता अडखळतं, हे मला माहीत आहे.

बहात्तरचा दुष्काळ होता. मी नुकतीच एम.ए. होऊन नगरच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवायला लागले होते. सगळा विषय इंग्रजीतून शिकलेली, त्यामुळे वर्गात मराठी शब्द शोधत उभी राहायची. आमच्या विभागप्रमुखांना, म्हणजे सरांना, टंचाई समितीकडून एक काम आलं. नगरच्या पूर्वेकडच्या कोरड्या पट्ट्यातल्या एका गावात विहिरीची एकच मंजुरी होती. ती दोन तऱ्हांनी वापरता येणार होती. गावातली जुनी विहीर खोल करायची, किंवा ओढ्यापलीकडच्या दलित वस्तीत नवी खोदायची. गावाच्या विहिरीवर वस्तीच्या बायकांना दोर-बादली लावू देत नसत. त्यांनी काठापासून लांब घागरी मांडून बसायचं, आणि गावातल्या कुणा बाईला सवड झाली की तिने वरून पाणी वाढायचं. आता काळ बदलला आहे, लोक एका विहिरीवर भरतील, असं समितीतल्या काहींचं म्हणणं होतं. तसं असेल तर जुनी विहीर खोल केली की सगळ्यांचंच भागेल. नसेल, तर नवी वस्तीत. लोकांची अभिवृत्ती काय आहे ते शास्त्रीय पद्धतीने पाहून सांगा, एवढंच आमचं काम.

पुस्तकात पाच पायऱ्यांची मोजपट्टी होती, पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत. ती अक्षरओळख नसलेल्या माणसाला कशी विचारायची, हा प्रश्न मी सोडवला. जाड पुठ्ठ्यावर मी पाच चित्रं काढली. अख्खी भाकरी, पाऊण, अर्धी, चतकोर, आणि रिकामी ताटली. वाक्य ऐकायचं आणि ते जितकं पटलं तितकी भाकरी दाखवायची. मी प्रत्येक भाकरीला करपलेले डागसुद्धा काढले होते. सर खूश झाले. “पोरी, हे छापण्यासारखं आहे,” म्हणाले.

दुष्काळात लोकांपुढे भाकरीची चित्रं ठेवायची नसतात, हे आम्हा दोघांपैकी एकालाही सुचलं नाही.

माझी उतरायची सोय पाटलांच्या घरी होती. त्यांच्याच ओट्यावर बसून मी विचारत होते. गावातले लोक ओट्यावर, वस्तीतले खाली अंगणात, पाटील खांबाला टेकून आणि पाटलीणबाई दारात. मी वाक्य वाचलं, “गावातल्या विहिरीवर सगळ्यांनी आपल्या हाताने पाणी भरावं.”

पहिल्याच म्हाताऱ्याने अख्ख्या भाकरीवर बोट ठेवलं.

“बाबा, नीट विचार करून सांगा. अर्धी पटत असेल तर अर्धी दाखवा.”

“अर्दी कशापायी? अख्खी असताना?”

ओटा हसला. मागून कुणीतरी म्हणालं, “चतकोर पावन्याला ठिवा, बाई. आन् ताटली ठिवा तलाठ्याला!”

मीही हसले. मग प्रत्येक जण पुढे येऊन अख्ख्या भाकरीवर बोट ठेवून जाऊ लागला. एकीने तर विचारलं, “ही कदी मिळनार?” मी पुन्हा समजावलं. तिने मान डोलावली आणि पुन्हा तीच दाखवली.

मोजपट्टीत एक उलटं वाक्यही घालायचं असतं. माणूस नुसता मान डोलावतो आहे की ऐकतो आहे, ते त्यावरून कळतं. माझं उलटं वाक्य होतं, “वस्तीची विहीर वेगळी असावी.” त्यालाही सगळ्यांनी अख्खी भाकरी दाखवली. तीच माणसं, तेच बोट. तुझ्या पुस्तकात या चुकीला नाव असेल, माझ्याही पुस्तकात होतं. मी ती उत्तरं स्वच्छ अक्षरात टिपून घेतली.

वस्तीतल्यांना शेवटी बोलावलं. त्यांत माझ्याच वयाची एक बाई होती, कडेवर तान्ही मुलगी. गावाच्या विहिरीचं वाक्य ऐकून तिने आधी पाटलांकडे पाहिलं, मग मोठ्या भाकरीवर बोट ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला ओढ्यात भेटली. वाळूत हातभर खड्डा करून झऱ्याचं पाणी नारळाच्या करवंटीने घागरीत भरत होती. करवंटी भरायची, मग पाणी पुन्हा साचेपर्यंत थांबायचं.

“काल मोटी भाकर दावली, बाई,” ती म्हणाली. “आता हीर कवा खांदनार आमच्यात?”

“पण तुम्ही गावच्या विहिरीला मोठी दाखवलीत ना?”

“दोनीलाबी दावली. पाटलाच्या व्हट्याम्होरं आमी ताटली दावायची व्हय?” आणि मग जरा घाबरून, “का चुकलं?”

“नाही, चुकलं नाही,” मी म्हणाले.

“हितं घागर भरस्तवर सकाळ जाती. उशिरा गेलं तर दुस्काळी कामावर मुकादम हजेरी लावत न्हाई. पानी धरावं तर हजेरी जाती. आमच्यात हीर झाली म्हंजे दोनी व्हईल.”

नगरला येऊन मी सरांना सगळं सांगितलं. पाटलांचा ओटा, भाकरी, दोन्ही वाक्यांना सारखं आलेलं उत्तर. सर वाईट नव्हते. थकलेले होते, आणि समितीचं पत्र टेबलावर होतं. “उलटं वाक्य त्यांना कळलं नाही, एवढाच याचा अर्थ. वगळ ते,” म्हणाले. “बाकी तक्ता सुंदर आला आहे.”

“पुन्हा जाऊन एकेकाला घरी विचारलं तर?”

“केव्हा? सोमवारी अहवाल द्यायचा आहे.”

मी आणखी एकदा म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. नोकरी कायम व्हायची होती आणि सरांचा शब्द लागणार होता. मी घरी जाऊन फूटपट्टीने नवा तक्ता आखला आणि त्यात उलट्या वाक्याची ती ओळ घेतली नाही. ओळ नसल्यावर तक्ता अगदी निर्मळ दिसत होता. गावाची अभिवृत्ती अत्यंत अनुकूल. खाली मी सही केली.

जुनी विहीर खोल झाली. मंजुरी संपली.

उन्हाळ्यात मी स्वतःहून त्या गावी गेले. विहिरीला पाणी होतं. गावातल्या बायका दोर सोडत होत्या, आणि वस्तीच्या बायका पूर्वीइतक्याच लांब, उन्हात, रिकाम्या घागरी मांडून बसल्या होत्या. ती बाई त्यांत होती. मुलगी शेजारी मातीवर, पदराखाली झोपलेली.

पाटलीणबाईंनी मला पाहिलं. “या, नगरच्या बाई! तुमच्या कागदात लिवलंय म्हनं, समदे एका हिरीवर भरत्यात?” त्यांनी दोर माझ्यापुढे धरला. “मग घ्या की. त्यांच्या हातात द्या.”

सगळ्या थांबल्या. मी दोर घेतला आणि तिला म्हणाले, “ये, भर.”

ती उठली नाही. “नगं, बाई. तुमी सांजच्या गाडीनं जाताल.”

“मी आहे ना इथे.”

“आज हायसा.”

मग मी बादली ओढली, तिच्याजवळ नेली आणि घागरीत ओतली. ओतताना माझा हात उंच होता. बादलीचा काठ तिच्या घागरीला लागू नये इतका उंच. कुणी मला तसं सांगितलं नव्हतं. भोवतीच्या बायका जसं करत होत्या तसं हाताने केलं, आणि ते मला अर्धी बादली ओतून झाल्यावर दिसलं. त्या पुठ्ठ्यावर कुणी मला विचारलं असतं तर मीही अख्खी भाकरी दाखवली असती, आणि ती मनापासून दाखवली असती. हात खाली आणायला वेळ होता. मी आणला नाही. बरंचसं पाणी घागरीबाहेर सांडलं. तिने ओल्या मातीवरून मुलीला उचलून दुसरीकडे ठेवलं.

नगरला आल्यावर मी समितीला अर्ज लिहिला, की आमच्या पाहणीत दोष आहे, वस्तीत विहीर द्यावी. वगळलेल्या ओळीबद्दलही लिहिलं. सरांनी महिनाभर माझ्याशी बोलणं टाकलं, पण नोकरी गेली नाही. बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं. तज्ज्ञांच्या पाहणीनुसार सदर गावी वेगळ्या विहिरीची आवश्यकता दिसून येत नाही. त्यांनी पाहणीची प्रत जोडली होती. तीत माझी सही होती.

ते त्या बाईला आपल्या तोंडाने सांगावं म्हणून मी पुन्हा त्या वस्तीत गेले. तिच्या दाराला काट्याची फांदी लावलेली होती. शेजारची म्हातारी भिंतीच्या सावलीत बसली होती.

“गेली की बेलापूरकडं. कालव्याचं पानी हाय तिकडं, उसाचं काम हाय.”

“परत कधी येणार?”

“कशाला यील?”

“आणि मुलगी?”

म्हातारीने हाताने नुसतंच ‘नाही’ असं केलं. मुलगी नेली नाही, की मुलगी राहिली नाही, की म्हातारीला माहीत नाही, ते मला कळलं नाही, आणि विचारायचं धैर्य झालं नाही.

“तुमी कोन, बाई?” तिने विचारलं.

मी म्हणाले, कॉलेजातून आले आहे.

“हिरीचं काय झालं त्ये सांगाया आल्तासा व्हय?”

“हो. नाही मिळणार म्हणतात.”

“आमाला ठावं हाय,” ती म्हणाली आणि सावलीबरोबर जरा आत सरकली.