तोंड फुगवलेले काका

माझे काका शर्ट शिवतात. शिवता शिवता बोलतात; खरं तर बोलता बोलता शिवतात. गिऱ्हाइकाचं माप मिनिटात होतं, त्याची सुटका अर्ध्या तासाने. काकू समोरच्या स्टुलावर काजं-बटणं करते आणि त्यांचं एकही वाक्य वाया जाऊ देत नाही.

गेल्या महिन्यात काकांची अक्कलदाढ काढली. डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्या दिवशी ठणका थांबला, तशा काकांनी गोळ्या थांबवल्या.

"दुखत नाही तर गिळायच्या कशाला? उसवलेलं एकदा शिवलं, की परत शिवतं का कोणी?"

"अहो, दाढेबरोबर अक्कलही तिथेच ठेवून आलात का?"

दुकानातली गिऱ्हाइकं हसली. काका गप्प झाले. दुसऱ्या दिवशीही गप्पच.

"तोंड फुगवून बसलेत," काकू मला म्हणाली. "बसू देत. मीही आधी बोलणार नाही."

तोंड खरोखरच फुगलं होतं. पण रुसलेल्याचं ते फुगायचंच! जेवले नाहीत, तो राग. हनुवटीला रुमाल लावून बसले, ते नाटक. जबडा बोटभरही उघडत नाही, हे सांगायला जबडाच उघडावा लागतो. त्यांनी खुणा केल्या, तर काकूने पाठ फिरवली. मीही दुकानातली शांतता मजेत उपभोगली, हे कबूल करतो.

संध्याकाळी काकांनी स्वतःच्या मानेभोवती टेप धरली, मापाच्या चिठ्ठीवर काहीतरी लिहिलं आणि चिठ्ठी काकूपुढे सरकवली. गळा, साडेसतरा.

"हा जाड्या कोण?" काकूला राहवलं नाही.

काकांनी स्वतःकडे बोट केलं.

तीस वर्षं ती त्यांच्या कॉलरला बटण लावतेय. गळा पंधरा. बटणांचा डबा उघडाच टाकून तिने रिक्षाला हाक मारली. रिक्षात काकांचा श्वास घरघरत होता.

"दाढेचा पू मानेत उतरलाय," इस्पितळातले डॉक्टर म्हणाले. "थोडा उशीर झाला असता तर श्वास बंद पडला असता. इतका वेळ काय करत होतात?"

"मला वाटलं, रुसलेत," काकू म्हणाली.

हनुवटीखाली चिरा देऊन पू काढला, श्वासासाठी गळ्यात नळी बसवली. नळी असेपर्यंत आवाज फुटणार नव्हता. ते आठ दिवस काकू कॉटशेजारी बसून पोटभर भांडली, मधूनमधून डोळे पुसत. काका तिच्या मनगटावर बोटाने टकटक करून एकेक मुद्दा खोडून काढायचे.

"पटत नसेल तर तसं तोंडाने सांगा!" ती म्हणायची.