बाबांचं न दिलेलं मत

माझा भाऊ नेथन हरेल निधड्या छातीचा, असं सगळा जिल्हा म्हणायचा. आंधळा असून घोडा दौडवतो, नदीला पूर असताना उडी टाकतो, हजार माणसांपुढे उभा राहून बोलतो. या सगळ्या वेळी शेजारी उभ्या असलेल्या त्याच्या बहिणीचं कौतुक मात्र कुणी केलं नाही. तो घोड्यावर चढला की मी डोळे मिटून घ्यायची. मी जन्माची भित्री आहे, आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही.

त्याचे डोळे बाबांनी घालवले. असं मी म्हणत नाही, बाबाच म्हणायचे. कोठाराला सफेदी करायची म्हणून त्यांनी पिंपात कळीचा चुना टाकला होता. नेथन वाकून आत बघत होता, आणि बाबांनी मागून, न बघताच, बादलीभर पाणी ओतलं. चुना उसळला. आईनं धावत येऊन त्याचे डोळे धुतले, पण डॉक्टर गावातून येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. तेव्हा तो केंब्रिजला शिकायला निघायच्या बेतात होता. काही दिवस भिंतीकडे तोंड करून पडला, आणि मग एका सकाळी म्हणाला, “टॅबी, पुस्तकं बांध. मी जाणार आहे, आणि तू वाचून दाखवायला येणार आहेस.”

मी गेले. धान्याचे भाव, मजुरी, जकात, गरिबांचे कायदे, मी वाचायची आणि तो ऐकायचा. निम्मं माझ्या डोक्यावरून जायचं, त्याच्या डोक्यात मात्र एकदा ऐकलं की पक्कं. पुढे तो तिथेच अर्थशास्त्र शिकवायला लागला. बाबा गावात सांगत फिरायचे, “आमच्या पोरानं गहू पेरला नाही की कापला नाही, आणि गव्हाचा भाव कसा ठरतो हे सांगायचा पगार घेतो! आहे की नाही मजा?” पण नेथन घरी आला की हेच बाबा त्याच्यासमोर मान खाली घालून जेवायचे. त्याला दिसत नव्हतं, तरीसुद्धा.

मग त्यानं निवडणुकीला उभं राहायचं ठरवलं, आणि माझी झोप उडाली.

तेव्हा मत द्यायचं म्हणजे चौकातल्या मांडवात कारकुनापुढे उभं राहून मोठ्यानं उमेदवाराचं नाव घ्यायचं. मालकाचा कारभारी शेजारी वही घेऊन उभा. कुळानं चुकीचं नाव घेतलं की वसंतात घर खाली करायचं. नेथन उभा राहिला तो याच्याच विरुद्ध. मत चिठ्ठीवर द्यावं, गुपचूप द्यावं, एवढंच त्याचं मागणं. त्याच्यासमोर उभा होता लॉर्डसाहेबांचा पुतण्या, कॅप्टन मॉर्डन. आणि आमचं शेत, घर, अंगणातली विहीर, सगळं लॉर्डसाहेबांचं. बाबा त्यांचं कूळ, साहेबांची मर्जी असेपर्यंत.

लॉर्डसाहेबांचा कारभारी ग्रिबल एकदा सहज म्हणून घरी आला. आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली. टोपी हातात घेऊन तो तिच्या दारात उभा राहिला.

“कशी आहे तब्येत? खोलीला ऊन काय छान येतं हो तुमच्या! आजारी माणसाला अशा जागेतून हलवणं म्हणजे... देव करो आणि तशी वेळ न येवो.”

तो गेल्यावर आई म्हणाली, “मेल्यानं डोळ्यांनीच माझ्या शवपेटीचं माप घेतलं.” आम्ही हसलो, पण मी उठून दाराला कडी घातली.

नेथन प्रचाराच्या धावपळीतून घरी आला तेव्हा त्यानं विषय काढला. “बाबा, तुम्ही कॅप्टनचं नाव घ्या आणि मोकळे व्हा. माझी काही हरकत नाही. मी रागावणार नाही.”

“तू रागावत नाहीस, हाच तर त्रास आहे,” बाबा म्हणाले आणि गोठ्यात निघून गेले.

मतदानाच्या दिवशी चौक माणसांनी फुलून गेला होता. आम्ही दोघं आदल्या दिवसापासून गावातच होतो. नेथन मांडवाशेजारी खुर्चीवर बसला आणि मी त्याच्या मागे. सुरुवातीलाच काहीतरी धप्पकन त्याच्या पायाशी येऊन पडलं.

“टॅबी, काय आहे?”

“मेलेलं मांजर.”

“ताजं आहे का?”

“नाही रे, कुजलंय!”

“मग कॅप्टनच्या भाषणातलं दिसतंय,” तो मोठ्यानं म्हणाला. विरोधकसुद्धा हसले. मला मात्र पुढचा दगड कुठून येईल याचीच धास्ती होती.

दुपारपर्यंत आम्ही थोडे मागे होतो, फार नाही. डोंगराकडचे शेतकरी अजून वाटेवर होते. त्यांच्या जमिनी स्वतःच्या मालकीच्या, त्यामुळे त्यांना कुणाच्या बापाची भीती नव्हती, आणि ते नेथनचे होते. ते आले असते तर जमण्यासारखं होतं. पण त्यांच्या आधी लॉर्डसाहेबांची गाडी आली. टोपीला कॅप्टनच्या निळ्या फिती लावलेली सगळी कुळं तिच्यातून मेंढरांसारखी खाली उतरली. शेवटी बाबा उतरले, प्रेतयात्रेला घालायचा काळा कोट घालून.

“गाडी थांबली ना?” नेथन म्हणाला. “कोण आलं?”

“लॉर्डसाहेबांची कुळं.”

“बाबा?”

“आहेत.”

त्यानं खुर्चीची कड घट्ट धरली. कुळं एकामागून एक पुढे येत होती आणि जमिनीकडे बघत “मॉर्डन” म्हणत होती. ग्रिबल वहीत खुणा करत होता. बाबा पुढे आले. कारकुनानं नाव विचारलं, त्यांनी सांगितलं. मग कारकून म्हणाला, “मत कोणाला?”

आंधळ्याचा बाप काय बोलतो, ते प्रत्येकाला ऐकायचं होतं. बाबांनी टोपी काढली आणि तोंड उघडलं.

तेवढ्यात नेथन उठला. खुर्ची मागे पडली. “मी माघार घेतो!” तो ओरडला. “सगळ्यांनी ऐका, मी माघार घेतो! आता मत देऊ नका, घरी जा!”

एकच गलका झाला. आमची माणसं शिव्या देत होती, कॅप्टनची माणसं टोप्या उडवत होती. ग्रिबलनं वही मिटली. बाबा तसेच उभे होते, टोपी हातात आणि तोंड उघडं.

मला भरून आलं. बाबा कुळांच्या गाडीतून पुढे गेले होते. घरी जाताना टांग्यात मी म्हटलं, “बाबांचं घर वाचवलंस, नेथन. एवढं मन कुणाचं असतं!”

“गप्प बस,” तो म्हणाला. मग म्हणाला, “घराचं माझ्या डोक्यातसुद्धा नव्हतं. बाबा माझ्यासमोर मॉर्डनचं नाव घेणार आणि मला ते ऐकावं लागणार, याची भीती वाटली. हरकत नाही, हरकत नाही म्हणत होतो ना? होती हरकत. मला ऐकवलंच नसतं.”

पुढे दुसऱ्या एका गावानं त्याला निवडून दिलं. चिठ्ठीच्या मतासाठी तो वर्षानुवर्षं भांडला, आणि कायदा झालाही. बाबा तोवर गेले होते. पण मला सांगायचं आहे ते त्याच संध्याकाळचं.

आम्ही स्वयंपाकघरात शिरलो. नेथननं हाक मारली, “आई?” आणि तो जागच्या जागी थांबला. त्याचा आवाज भिंतींवर आपटून परत आला होता.

“टॅबी,” तो हळूच म्हणाला, “इथे काहीच नाहीये.”

खरंच काही नव्हतं. टेबल नाही, फडताळ नाही, आईच्या खोलीत पलंग नाही. भिंतीवर घड्याळाच्या जागी पांढुरका चौकोन तेवढा उरला होता. बाबा उपड्या बादलीवर बसले होते, तो काळा कोट अजून अंगात होता.

“तुझ्या आईला पहाटेच मावशीकडे पोचवलं,” ते म्हणाले. “सामानही तिकडेच गेलं. ग्रिबलनं हाकलायची वाट कशाला बघायची?”

मला अजून उमगलं नव्हतं. नेथनला उमगलं. त्यानं चाचपडत भिंत धरली.

बाबांनी मान वर केली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते त्याच्या तोंडाकडे बघत होते. “सबंध वाटभर घोकत होतो. भीती होतीच. तरी घेणार होतो तुझं नाव, सगळ्या चौकात. एवढं एकच होतं रे माझ्याकडे तुला द्यायला. तू तेही देऊ दिलं नाहीस.”

“आता घ्या, बाबा,” नेथन म्हणाला. त्याचा आवाज लहान पोरासारखा झाला होता. “मी ऐकतोय. आता घ्या.”

बाबांनी रिकाम्या खोलीकडे पाहिलं.

“आता काय,” ते म्हणाले, “आता ग्रिबल थोडाच ऐकतोय? आता तुझं नाव कुणीही घेईल.” आणि ते आईला परत आणायला गाडी मिळते का ते बघायला निघाले.