दसऱ्याच्या दुपारी गेलेला मेल

विज्ञानाची हद्द जिथे संपते तिथून पुढे काहीतरी सुरू होतं... हे वाक्य मी आयुष्यात एकदाच उच्चारलं, आणि तेव्हा माझ्या हातात मोडेमची निघालेली वायर होती. ती परत खोचल्यावर विज्ञान पूर्ववत सुरू झालं. तेव्हा माझ्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. भुतंखेतं, करणी, संकेत यांवर माझा कधीच विश्वास नव्हता. या सदरातले अनुभव मी झोप यावी म्हणून वाचतो.

तरी हा एक लिहितोय. गोष्ट २००८ सालची, लखनौची. मी तिथल्या एका संशोधन संस्थेत होतो. जानकीपुरममध्ये तळमजल्यावर भाड्याचं घर. पुढच्या खोलीत जेवणाचं टेबल, त्याला लागूनच कॉम्प्युटरचं. जेवता जेवता हात लांब केला तर माऊस सापडायचा. माझी बायको मीनल हिने तो गुन्हा ठरवला होता.

मीनलला पुण्याला परत जायचं होतं. तिची आई तिथे एकटी, गुडघ्यांनी बेजार. त्या वर्षी पुण्यातल्या एका संस्थेत माझ्या विषयातली जागा निघाली आणि मी अर्ज केला. हा पत्रव्यवहार ऑफिसच्या मेलवरून करणं शक्य नव्हतं. आमच्याकडे कोण कुठे अर्ज करतंय हे संचालकांच्या आधी कॅन्टीनला कळायचं. म्हणून मी घरच्या कॉम्प्युटरवर मेल प्रोग्राम टाकायचं ठरवलं, आणि त्यात माझं खाजगी खातं जोडायला पाटणकरला बोलावलं.

पाटणकर माझा सहकारी आणि लखनौतला एकमेव जिवलग. त्याची बायको-मुलं पुण्यात, तो इथे एकटा. त्यामुळे रविवारचं जेवण आमच्याकडे. आमच्या संस्थेत दीपप्रज्वलनाशिवाय झेरॉक्स मशीनही सुरू होत नसे, आणि पाटणकर त्याच संस्कारातला. खुर्ची पुढे ओढून म्हणाला, "वहिनी, चहा ठेवा. खातं जोडतोय, चेष्टा नाही."

मग तो एकेक रकाना भरत गेला. येणाऱ्या मेलचा सर्व्हर, जाणाऱ्या मेलचा सर्व्हर, पोर्ट नंबर. मी पासवर्ड सांगितला, त्याने टाइप केला. शेवटी प्रोग्रामने विचारलं, पासवर्ड लक्षात ठेवू का? यंत्र लखनौचं, अदबीने विचारणारच. पाटणकरने हो म्हटलं.

"आता एक समजून घे," तो म्हणाला. "तू इथून पाठवलेल्या मेलची प्रत फक्त या डब्यात राहणार. वेबसाइटवर जाऊन शोधलीस तर मिळणार नाही. आणि बाहेरून कोणी वेबसाइटवरून पाठवलं, तर ते इथे दिसणार नाही."

हे वाक्य कृपया ध्यानात ठेवा. मी ठेवलं नव्हतं.

दसऱ्याच्या दोनेक दिवस आधी पुण्याहून मेल आला. माझी निवड झाली होती, संमती कळवायची होती. मीनलने तो उभ्यानेच वाचला आणि आईला फोन लावला. त्या रात्री झोपेपर्यंत तिने पुण्यातल्या स्वयंपाकघरात फळीवर कुठे काय ठेवायचं ते ठरवून टाकलं होतं.

दसऱ्याला आमच्याकडे हत्यारांची पूजा. हत्यारं म्हणजे माझा स्क्रू-ड्रायव्हर, तिची शिवणाची कात्री आणि कॉम्प्युटर. कॉम्प्युटरच्या सगळ्या वायरी काढून, मोडेमसकट एका लाल कापडावर मांडायचा, झेंडू वाहायचा, आणि दिवसभर हात लावायचा नाही. वर्षभर राबतो, एक दिवस निजू दे, हा मीनलचा युक्तिवाद. मला त्यात कामगार कायद्याचा अंश दिसायचा, म्हणून मी विरोध करत नसे.

पाटणकर जेवायला होता. म्हणाला, "अरे, साडेतीन मुहूर्तांतला एक आहे आज. होकार आत्ता पाठवून टाक!"

"पूजा झालीय, भाऊजी," मीनल म्हणाली. "उद्या."

"बाबा, वैसे भी बत्ती गुल है," आमची मुलगी मुग्धा म्हणाली. ती कॉलेजात होती. मराठी सगळं कळायचं, उत्तर हिंदीत यायचं.

आम्ही चौघं जेवत होतो, मुग्धा मधेमधे उठून गरम पुऱ्या तळून आणत होती. पाटणकर श्रीखंडाची तिसरी वाटी संपवत होता. कॉम्प्युटर आमच्या हाताच्या अंतरावर, झेंडूखाली निजलेला. निघताना मीनलने उरलेलं श्रीखंड पाटणकरला डब्यात भरून दिलं. डबा तिच्या आईने दिलेला, स्टीलचा, झाकणावर आईचं नाव कोरलेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वायरी जोडल्या. मी होकार लिहिला. अगदी साधा, चार ओळींचा. मीनल पदराला हात पुसत आली आणि म्हणाली, "बटण मी दाबणार." तिने दाबलं. मेल गेला.

मग दिवाळी आली. पाटणकर फराळाला आला, चकल्या छान झाल्यात म्हणाला, "वहिनी, डबा पुढच्या वेळी नक्की," असंही म्हणाला. पुण्याहून मात्र काहीच येईना. शेवटी मी फोन केला. पलीकडचे गृहस्थ फार सौजन्याने बोलले.

"सर, तुमचा नकार आला ना दसऱ्यालाच! आम्हाला वाईट वाटलं. पण काय सुंदर लिहिला होता... इतका सभ्य नकार आमच्या ऑफिसात कोणी पाहिला नव्हता."

"आणि दुसऱ्या दिवशीचा होकार?"

"होकार? नाही सर. एकच मेल आहे."

"मग जागा?"

"भरली ना. तुमच्याच संस्थेतले पाटणकर."

मी प्रोग्राम उघडला. पाठवलेल्या मेलच्या फोल्डरमध्ये निवडीनंतर पुण्याला गेलेला एकच मेल होता. तारीख दसऱ्याची. वेळ भर दुपारची, आमच्या जेवणाची. मजकूर इंग्रजीत होता: निवडीबद्दल आभारी आहे, पण आमचं कुटुंब आता लखनौत रुळलं आहे, पुण्याबद्दल आदर आहे, ओढ राहिलेली नाही. दुसऱ्या दिवशीच्या चार ओळींचा मागमूस नव्हता.

कॉम्प्युटरचं घड्याळ चुकलं असेल म्हणून पाहिलं. बरोबर होतं. पुण्याच्या सर्व्हरवरही तीच वेळ होती. पाटणकरला पासवर्ड माहीत होता हे खरं, पण बाहेरून पाठवलेल्या मेलची प्रत इथे दिसणार नाही, हे मला शिकवलं त्यानेच. आणि त्या वेळी तो माझ्यासमोर बोटं चाटत होता.

मुग्धाला विचारलं. तिला लखनौ सोडायचं नव्हतं, हे मला ठाऊक होतं. तिचे डोळे भरले. "कसम से बाबा, मैं तो पूरी तल रही थी।" तळत होती, हेही खरं.

पाटणकरला मी गेटजवळच्या चहाच्या टपरीवर गाठलं. त्याने नाकारलं नाही काहीच.

"अर्ज मीही टाकला होता, यादीत दुसरा होतो. त्यांचा फोन आला. म्हणाले, तुमचे मित्र नाही म्हणतायत, तुमची इच्छा आहे का? तुझा मेल पण पाठवला मला."

"कधी?"

"दसऱ्यानंतर. आठवड्याभरात."

"म्हणजे दिवाळीला तू आमच्याकडे बसून चकल्या खात होतास तेव्हा..."

त्याने चहाचा घोट घेतला.

"एकदा विचारायचं तरी होतंस, पाटणकर."

"विचारलं असतं तर तू काय म्हणाला असतास?"

"की मी नकार दिलेलाच नाही."

"तेच ना," तो म्हणाला. ग्लास खाली ठेवला. "म्हणून नाही विचारलं. माझी पोरं पण तिथेच आहेत रे."

चहाचे पैसे त्याने दिले. मी देऊ दिले.

घरी येऊन मीनलला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, निदान ती तरी माझ्या बाजूने उभी राहील. होकाराची ती साक्षीदार होती, बटण तिच्या बोटाने दाबलं गेलं होतं. तिने पडद्यावरचा तो मेल सावकाश वाचला.

"ओढ राहिलेली नाही," ती म्हणाली. "हे वाक्य तुमचंच वाटतं हो."

"मीनल, तू स्वतः बटण दाबलंस!"

"बटण दाबलं. वाचलं कुठे होतं? तुम्ही काय लिहिलंत ते तुम्हालाच माहीत."

"आणि ही दसऱ्याची तारीख? तेव्हा तर सगळ्या वायरी..."

"मला काय कळतं त्यातलं," ती म्हणाली, आणि आईला फोन लावायला आत गेली. दार लोटून घेतलं. त्या घरात आम्ही दार लोटून फोन करत नसू.

मित्राने फसवलं, ते मी समजू शकतो. त्याला कारण होतं. पण माझ्याच टेबलावर, माझ्याच भाषेत, फुलांखाली निजल्या निजल्या कोणी माझ्या वतीने नाही म्हटलं... आणि माझ्याच घराला तो आवाज माझा वाटला, याचं काय करायचं? नंतर एका संगणकतज्ज्ञाला तो मेल दाखवला. त्याने बराच वेळ पाहिलं, मान हलवली आणि अँटिव्हायरस बदला म्हणाला. मी बदलला.

आम्ही लखनौतच राहिलो, माझ्या निवृत्तीपर्यंत. मीनलची आई त्यानंतर दोन वर्षांनी गेली. आम्ही पोहोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. तो मेल कोणी लिहिला, कसा गेला, माझा होकार कुठे गेला, याचं उत्तर मला आजही मिळालेलं नाही. मीनल विचारत नाही. मी सांगत नाही.

पाटणकरने तो डबाही परत केला नाही. सामानाबरोबर पुण्याला घेऊन गेला. आमच्या घरातून पुण्याला बदली झाली ती तेवढ्या एकाच वस्तूची.